टाकीखाली बसणारा माणूस

गोंदियाच्या चहूबाजूंनी उसना तांदळाच्या गिरण्या आहेत. अशा गिरणीत धान आधी गरम पाण्यात भिजवतात, मग वाफवतात, वाळवतात आणि शेवटी भरडतात. भिजवायची टाकी घरापेक्षा उंच खांबांवर उभी असते, कारण भिजलेलं धान खालच्या तोंडातून आपल्याच वजनानं उतरावं लागतं. टाकी नवी असली की पहिल्यांदा ती नुसत्या पाण्यानं भरून पाहतात. आणि भैयाजी टेंभरेंनी बांधलेली टाकी असली, तर ती भरत असताना तिच्याखाली चैतराम कुंभरे बसतो. निदान मागच्या हिवाळ्यापर्यंत बसत होता.

ही रीत कुठल्या कायद्यात नाही. ती एका भांडणातून निघाली. भैयाजींचं वेल्डिंगचं दुकान कुडव्यात. गेटं, ग्रिल, जिने आणि गिरण्यांचं अवजड काम, असा त्यांचा धंदा. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गिरणीत त्यांनी टाकी उभी केली आणि पाणी सोडायच्या वेळी तिथल्या सेठनं नाक मुरडलं.

“गिर गई तो?”

“गिरेगी तो मेरे आदमी पे गिरेगी,” भैयाजी म्हणाले. रागात त्यांनी मागं वळून पाहिलं, तर सगळ्यात जवळ चैतराम उभा. “चैत्या, बस बे खाली.”

चैतराम तेव्हा नुकताच कामाला लागला होता. सालेकशाकडच्या जंगलपट्ट्यातला गोंडाचा पोरगा. बाप तेंदूपत्त्याच्या हंगामात फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, पुडके मोजायचा, बाकी वर्षभर दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत राबायचा. मालकाला नाही कसं म्हणतात हे चैतरामला ठाऊक नव्हतं. त्यानं सिमेंटचं घमेलं पालथं घातलं, त्यावर बसला, गळ्यातला गमछा डोक्यावरून तोंडापर्यंत ओढला आणि टाकी भरेपर्यंत हलला नाही. टाकी पडली नाही. सेठ हसला, त्यानं चहा मागवला, आणि गोष्ट तिथंच संपायला हवी होती.

पण गिरण्यांतली बातमी हमालांच्या तोंडून फिरते. पुढच्या गिरणीत हमालांनीच विचारलं, “तो बसनारा माणूस आनला का?” भैयाजींना यात धंद्याची चाल दिसली. दुसरे फॅब्रिकेटर नकाशे दाखवत. भैयाजी चैतराम दाखवत. पुढं पुढं तर चैतराम बसल्याशिवाय पोती वाहणारे हमाल आणि झाडलोट, वाळवण करणाऱ्या रेजा, म्हणजे मजूर बायका, नव्या टाकीच्या अंगणातही पाय ठेवीनात. चैतराम बसला म्हणजे टाकी पक्की. तो वेल्डर म्हणून मध्यमच होता. सांधा जाड मारायचा आणि मग घासत बसायचा. पण बसायला त्याच्यासारखा कोणी नव्हता.

धाडस म्हणावं, तर ते त्याच्यात नावालाही नव्हतं. तो म्हशीला घाबरायचा. भैयाजींच्या मोटारसायकलवर मागं बसून रेल्वेचा पूल चढताना त्यांचा सदरा गच्च धरायचा. एकदा दुकानातली सगळी मंडळी बोदलकशाच्या तलावावर पोहायला गेली, तर हा काठावर सगळ्यांचे कपडे राखत बसला. टाकीखालीही तो भीतच होता. गमछ्याच्या आत त्याचे डोळे गच्च मिटलेले असत आणि तोंडानं गावच्या बडादेवाचं नाव चालू असे. खांब वाकतो आहे का, सांधा उकलतो आहे का, यातलं त्यानं कधी काही पाहिलं नाही. त्याला पाहायला बसवलं आहे असं त्याला कोणी सांगितलंही नव्हतं. बस म्हटलं होतं, तो बसत होता.

हे फक्त त्याच्या बायकोला, रेणूला, माहीत होतं. एकदा डबा घेऊन गेली असताना तिनं गमछ्याचं टोक उचललं होतं.

“बाप्पा! झोपला का गा?”

“झाक वो, झाक,” चैतराम डोळे न उघडता म्हणाला.

मागच्या पावसाळ्यात भैयाजींना शहराबाहेरच्या एका गिरणीचं काम मिळालं. तिथल्या जुन्या टाकीचे लोखंडी खांब वाफेनं खाल्ले होते. हात लावला की खपल्या निघत. रंग लावून थकलेल्या सेठनं ठरवलं, या वेळी खांब स्टेनलेस स्टीलचे. एकदा लावले की गंजाची कटकट संपली. भैयाजींनी स्टीलचे रेलिंग शेकड्यांनी केले होते. स्टीलच्या खांबावर टाकी कधी ठेवली नव्हती. तसं ते म्हणाले नाहीत. स्टील महाग, म्हणून त्यांनी खांबांच्या नळ्या पातळ घेतल्या. स्टील लोखंडापेक्षा मजबूत, मग जाडी कशाला, असा त्यांचा हिशेब होता. तो त्यांना मनापासून पटलेला होता.

नळ्या आल्या तेव्हा सेठनं खिशातून लोहचुंबक काढलं. जुन्या स्पीकरचं होतं. प्रत्येक नळीला लावून पाहिलं. कुठंच चिकटलं नाही.

“असली माल,” सेठ म्हणाला.

भैयाजी त्याहून पुढं गेले. एका नळीचा हातभर तुकडा कापून त्यांनी नागपूरला एका प्रयोगशाळेत दाबून घेतला. तुकड्यानं अपेक्षेपेक्षा जास्त भार पेलला. भैयाजींनी ते दुकानात सगळ्यांना ऐकवलं आणि त्या दिवशी पोहे-तर्री आपल्या खिशातून खाऊ घातली. दोन परीक्षा झाल्या. आता तिसरी उरली, चैतरामची.

खांब उभे राहिले तेव्हा खरोखरच देखणे दिसत होते. चार चकचकीत पाय आणि वर पांढरीशुभ्र टाकी. रेजा त्यात तोंड पाहून टिकल्या सारख्या करत. पाणी सोडायच्या दिवशी चैतराम नेहमीप्रमाणे घमेल्यावर बसला. पंप सुरू झाला. वर पाण्याचा पहिला आवाज आला तसे त्यानं डोळे मिटले. थोड्या वेळानं अगदी कानाजवळ बांगड्या वाजल्या.

“काय गा चैतराम, बायकोनं घरातून हाकललं का? टंकीखाली संसार मांडून राहिला!”

ती सत्यभामा होती. कुडव्याचीच. नवरा दुधराम याच गिरणीत हमाल. रेजांमध्ये हसणं, टोमणे आणि भांडण या तिन्ही गोष्टींची सुरुवात तिच्यापासून व्हायची. हातात जेवणाचा डबा होता आणि ती सरळ खाली बसायच्या बेतात होती.

“सरक वो तिकडं. टंकी भरून राहिली.”

“भरू दे ना बावा. सावली बरी हाये अठी.”

“पडली म्हंजे?”

“तं तू कायले बसला?”

“मायं काम हाये.”

“मायं जेवन हाये,” ती म्हणाली आणि डब्याचं झाकण उघडलं.

चैतरामला काय करावं कळेना. मरायचं तर आपण मरू, हे त्यानं इतक्या वर्षांत कसंबसं पचवलं होतं. शेजारी दुसरं माणूस बसलं असताना मात्र त्याला घमेल्यावर राहवेना. तो ताडकन उठला.

चैतराम उठला, ही गोष्ट आजवर कोणी पाहिली नव्हती. पंप बंद झाला. भैयाजी चपला तिथंच टाकून धावत आले.

“काऊन उठला बे? काय दिसलं?”

“ही बाई उठत नाई जी.”

क्षणभर कोणाला उमगलं नाही, आणि मग सगळी गिरणी हसली. सेठ हसला, हमाल हसले, दुधराम कपाळावर हात मारून म्हणाला, “तिले घरी मी नाई उठवू शकत, तू का उठवशीन!” सत्यभामा डबा उचलून बाजूला गेली. “बस बाप्पा, बस. तुयी खुर्ची कोनी नाई नेत.”

चैतराम पुन्हा बसला. पंप सुरू झाला. टाकी काठोकाठ भरली आणि वरून पाणी सांडायला लागलं, तेव्हा तो बाहेर आला. निर्मलाबाईनं, रेजांमधल्या सगळ्यात वयस्क बाईनं, खांबाच्या बुडाशी नारळ फोडला. टाकी पास झाली.

नवं धान येऊ लागलं ते दिवाळीनंतर. टाकी चालू झाली. थंडी वाढली तशी रेजांच्या ध्यानात आलं की वर गरम पाणी असल्यानं टाकीखाली ऊब असते. दुपारची सुट्टी झाली की त्या तिथं गोल करून जेवायला बसत. कोणी हटकलं नाही. हटकणार काय म्हणून? ती जागा पारखलेली होती. चैतराम तिथं बसून उठला होता.

एकदा जिन्याच्या कठड्याला वेल्डिंग मारायला चैतराम त्या गिरणीत गेला. बायकांनी त्याला हाक मारली. तोही त्यांच्यात जाऊन बसला. सत्यभामानं त्याला जवसाची चटणी दिली आणि म्हणाली, “आज डोक्यावर गमछा नाई घेतला काऊन? भेव गेला का?” तो हसला, चटणी-भाकर खाल्ली, हात धुतले. खाली बसू नका, असं त्याच्या मनातही आलं नाही. त्यालाही ती जागा आता पक्कीच वाटत होती.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. दुपारची वेळ होती. चैतराम कुडव्याच्या दुकानात एका गेटाची चौकट जुळवत होता. भैयाजींचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला आणि खाली, लोखंडाच्या कात्रणांवरच बसले. चैतरामनं काय झालं असं विचारलं नाही. त्यानं विचारलं, “खाली कोन होतं?”

सत्यभामा होती. बाकीच्या जेवून उठल्या होत्या. ती डबे विसळायला मागं राहिली होती आणि निर्मलाबाई तिच्याजवळ चप्पल शोधत होती. निर्मलाबाईचा पाय गेला, पण ती वाचली, म्हणून काय झालं ते कळलं. आवाज झाला नाही, असं ती आजही सांगते. एक खांब मधोमध फुगल्यासारखा झाला, मग वाकला, आणि वरची टाकी त्या बाजूला आस्ते आस्ते कलली. माणूस ओरडून पळू शकेल इतका वेळ होता, असं तिला वाटतं. पण सत्यभामा वर पाहत नव्हती, आणि आपण काय पाहतो आहोत हे निर्मलाबाईला कळलं नाही. नंतर गरम पाणी आणि धान एकदम खाली आलं.

गिरणीला टाळं लागलं. सेठ आणि भैयाजी दोघांवर गुन्हा दाखल झाला, दोघांना जामीन मिळाला. चैतरामचं नाव कुठंच आलं नाही. टाकीखाली बसणं हा गुन्हा नाही.

सत्यभामाच्या तेरवीला तो गेला. दुधराम ओट्यावर बसला होता. त्यानं चैतरामकडं पाहिलं.

“तूच बसला होता ना गा?”

“हव.”

“मंग?”

दुधरामनं दुसऱ्या कोणाकडं तरी मान वळवली.

चारपैकी एक खांब जवळजवळ जसाच्या तसा राहिला होता. तपासासाठी तो बुडापासून कापून नागपूरला न्यायचं ठरलं. या वेळी हातभर तुकडा नाही, अख्खा खांब. तो त्याच टाकीचा आहे हे ओळखायला भैयाजींनी चैतरामला बरोबर पाठवलं. ट्रकमध्ये खांबाशेजारी बसून तो गेला.

तिथल्या प्रयोगशाळेत एका भक्कम लोखंडी चौकटीत खांब उभा केला. वरून-खालून घट्ट धरला. परीक्षा घेणाऱ्या मॅडमनी खांबाच्या अंगाला लागून वरपासून खालपर्यंत एक पांढरा दोरा ताणून बांधला आणि सगळ्यांना पिवळ्या रेषेच्या मागं उभं केलं.

“लय आवाज येईन का जी?” चैतरामनं विचारलं.

“नाही. तुम्हाला वाटेल काहीच होत नाहीये.”

तसंच झालं. यंत्राचा जॅक दाबत गेला. पडद्यावर एक रेघ सरळ चढत होती. खांब होता तसा चकचकीत उभा. मग रेघ किंचित झुकली. खांबात डोळ्याला अजून काही कळत नव्हतं. मॅडमनी दोऱ्याकडं बोट दाखवलं. दोरा आणि खांब यांच्या मधोमध फट पडली होती, धानाचा दाणा मावेल इतकी. थोड्या वेळानं बोट मावेल इतकी. मग खांब एका जागी आत दबला, दुसऱ्या बाजूनं फुगला आणि वाकला. आवाज झाला नाही. जॅक सैल केला तरी तो पुन्हा सरळ झाला नाही.

“पन तुकडा तं पास झाला होता,” चैतराम म्हणाला. भैयाजींनी हे सांगायला त्याला बजावून पाठवलं होतं.

“हातभर काडी उभी धरून दाबा, मोडत नाही,” मॅडम म्हणाल्या. “तीच काडी माणसाएवढी लांब घ्या आणि दाबा. वाकते. तुकडा दाबून स्टील कसं आहे ते कळतं. खांब कसा आहे ते कळत नाही.” आणि मग कागदावर काही टिपत त्यांनी विचारलं, “टाकी भरून पाहिली होती ना? कशानं?”

“पान्यानं.”

“आणि चालवताना?”

“धान. अना पानी.”

“धान पाण्यात टाकलं तर तरंगतं की बुडतं?”

चैतरामला बापाची बादली आठवली. पेरणीच्या आधी त्याचा बाप बियाणं बादलीतल्या पाण्यात टाकायचा. पोचट वर येतं, ते काढून फेकायचं. भरलेलं तळाला बसतं, तेच खारीत, रोपांच्या वाफ्यात, टाकायचं. बादलीत हात घालून तळाचं धान काढायचं काम लहानपणी चैतरामचंच होतं. भरलेलं धान पाण्यापेक्षा जड असतं, हे ठाऊक नसलेला माणूस गोंदिया जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. सेठला ठाऊक होतं, भैयाजींना होतं, सत्यभामाला होतं. त्या दिवशी अंगणात उभ्या असलेल्या प्रत्येकाला होतं. आणि सगळ्यांनी टाकी पाण्यानं भरून पाहिली, टाळ्या पिटल्या आणि मग तिच्यात धान ओतलं. तेही एकाच कोपऱ्यातून, धान वर चढवणाऱ्या लिफ्टचं तोंड जिथं होतं तिथून. ढीग आधी त्याच कोपऱ्यातल्या खांबाच्या डोक्यावर चढायचा. वाकला तो तोच खांब.

“जास्तीचा भार फार नव्हता,” मॅडम म्हणाल्या. “पण या खांबाकडं शिल्लक काहीच नव्हती.”

निघताना चैतराम दारात थांबला.

“मॅडम, खाली बसलेल्या मानसाले हे दिसते का?”

“खाली कोण बसतं?”

“कोनी नाई जी. असंच विचारलो.”

“खालून काय दिसणार? बाजूला, लांब उभं राहून, दोऱ्यावर नजर ठेवली तर दिसेल. खाली असतो तो मरतो.”

त्या रात्री तो घरी आला आणि रेणूला एवढंच म्हणाला, की यापुढं मी बसणार नाही. रेणूनं भाकरी थापता थापता विचारलं, “भैयाजीनं काढलं म्हंजे?” त्यावर तो उठून हातपाय धुवायला गेला.

प्रश्न लवकरच समोर आला. उन्हाळी धानाच्या तोंडावर सेठला गिरणी उघडायची परवानगी मिळाली. या वेळी खांब जाड लोखंडाचे होते, मध्ये आडव्या-तिरप्या पट्ट्यांनी एकमेकांना बांधलेले. नकाशा इंजिनिअरचा होता, त्याच्या सहीचा दाखला होता. काम मात्र भैयाजींच्याच दुकानाचं. त्या गिरणीत हात घालायला दुसरं कोणी तयार नव्हतं, आणि भैयाजींना नाही म्हणायची सोय नव्हती. टाकी उभी राहिली. सेठनं हमालांना आणि रेजांना बोलावलं, दाखला वाचून दाखवला. निर्मलाबाई काठीवर रेलून पहिल्या ओळीत उभी होती.

“कागद बसते का गा खाली?” तिनं विचारलं.

सगळ्यांनी चैतरामकडं पाहिलं.

“मी नाई बसत,” चैतराम म्हणाला.

भैयाजी त्याला ओढत बाजूला घेऊन गेले. “पागल झाला का बे? या वेळची टाकी खरंच पक्की हाय. तुले माहीत हाय ना?”

“माहीत हाये जी.”

“मग कायले घाबरतो?”

“घाबरत तं मी सदाच होतो,” चैतराम म्हणाला. “धान भरून पाहा ना जी. पानी नाई, धान. अना कोनीच खाली नोको. मी दोरा बांधून दुरून पाहतो.”

“धान भरणार कोण? तुझा बाप? पोती उचलायला हमाल लागतात, अना हमाल आत येत नाहीत तू बसल्याबिगर!”

हे खरं होतं. धानानं परीक्षा करायची तर माणसं टाकीजवळ यायला हवीत, आणि कोणी खाली बसल्याशिवाय माणसं जवळ येणार नव्हती. चैतरामला यातून वाट दिसली नाही. त्यानं बायकांसमोर जाऊन सांगायचा प्रयत्न केला. बसल्यानं काही कळत नाही, तो म्हणाला. खालून काही दिसत नाही. नागपूरला मी डोळ्यांनी पाहून आलो. त्याला असं बोलायची सवय नव्हती. वाक्यं अर्धवट राहिली.

“तवा तं बसला होता,” एक रेजा म्हणाली. “सत्यभामाच्या टाइमाले नाई सुचलं?”

“यातबी खोट असन,” दुसरी म्हणाली. “त्याले माहीत हाये, म्हनून बसत नाई.”

झालं, तेवढं पुरे होतं. त्याच्या नकाराचा जो अर्थ लागायचा तो लागला: चैतराम बसत नाही म्हणजे टाकी कच्ची. माणसं घरी गेली. गिरणी बंद राहिली. काही रेजांनी बांधकामावर काम शोधलं, बाकीच्या घरी बसल्या, आणि रेणूला नळावर कोणी बोलेना. सेठ बालाघाटकडून मजूर आणतो आहे, अशी बातमी उठली. निर्मलाबाई काठी टेकत चैतरामच्या दारात आली.

“मायाच पाय गेला ना? मी येते म्हनते कामाले. तुले काय झालं?”

“माय, मी बसलो म्हनून तुमी बसल्या ना खाली.”

“मंग आता बस, आमी नाई बसत. झालं?”

तिच्या बोलण्यात चूक काढता येत नव्हती. तो तरीही गेला नाही.

शेवटी दुधराम बसला. कोणी सांगितलं नव्हतं. एका सकाळी तो गिरणीत गेला आणि सेठला म्हणाला, पंप लावा. बातमी कुडव्यात पोचली तसा चैतराम सायकलवर तिथं आला. अंगणाच्या कडेला सगळी माणसं जमली होती. तो सरळ दुधरामजवळ गेला.

“नोको बसू गा. तेथून काही दिसत नाई.”

“तू बसला तवा तं असं नाई म्हटला.”

दुधरामनं घमेलं घेतलं नाही, डोक्यावर काही ओढलं नाही. तो टाकीखाली जमिनीवर बसला, जिथं बायका गोल करून बसत साधारण तिथंच, आणि मान वर करून पाहत राहिला. पंप सुरू झाला. चैतरामनं जिन्यावर चढून प्रत्येक खांबाच्या डोक्याशी दोरा बांधला, खाली वजनाला नट अडकवले आणि लांब जाऊन उभा राहिला. त्याला कोणी अडवलं नाही, मदतही केली नाही. इतक्या टाक्या त्याच्या डोक्यावर भरल्या होत्या. भरताना टाकी कशी दिसते हे तो पहिल्यांदाच पाहत होता.

दोरे जागचे हलले नाहीत. पाणी वरून सांडलं. पंप बंद झाला. दुधराम मात्र उठला नाही. भैयाजींनी हाक मारली, सेठनं मारली, तरी तो वर पाहत बसून राहिला. मग सावकाश उठला, धोतराची धूळ झटकली आणि भैयाजींना ओलांडून चैतरामसमोर येऊन उभा राहिला.

“वाटलं, तिले काय दिसलं असन ते दिसन,” तो म्हणाला. “टंकीचं बूड दिसते. अखीन काही नाई.”

चैतराम म्हणाला, “मी तं डोळे मिटून बसत होतो.”

“सदा?”

“सदा.”

दुधराम एक पाऊल पुढं आला. तो मारेल असं जवळ उभ्या असलेल्यांना वाटलं. त्यानं मारलं नाही.

“मंग तू बसून आमाले सांगत काय होता गा?”

दुधराम उत्तरासाठी थांबला नाही. तिकडं रेजा कंबर कसून अंगणात शिरल्या होत्या. कोणीतरी नारळ आणायला धावलं. सेठनं पाणी अर्धं उतरवायला सांगितलं, लिफ्टचा पट्टा फिरायला लागला, आणि दुधरामनं पहिलं पोतं पाठीवर घेतलं.

भैयाजी चैतरामला म्हणाले, चल, झालं काम. चैतराम दोऱ्यांसमोरून हलला नाही. टाकीत आतापर्यंत नुसतं पाणी होतं. धान आता पडायला लागलं होतं.